बंगल्याच्या बाहेरच्या सँडफेस भिंती नव्याने करायच्या आहेत : नुसता वरचा थर पुरेल का?

अबोली

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर आमचा बंगला आहे. सासऱ्यांनी १९८९ साली बांधलेला, विटांचा, बाहेरून सँडफेस (वाळूचा दाणा उठवलेलं) प्लास्टर. आधी बरीच वर्षं त्यावर सिमेंट पेंट होता, नंतर दोनदा बाहेरचा अ‍ॅक्रिलिक रंग दिला. यंदा पाऊस ओसरल्यावर चारी बाजूंनी फिरून नीट पाहिलं आणि आता काम काढावंच लागणार हे दिसलं.

पश्चिमेची भिंत सगळ्यात वाईट. वरच्या बाथरूमच्या खिडकीखाली रंगाला फुगे आलेत. एक फुगा नखाने उचलला, तर रंगाच्या पापुद्र्याबरोबर वाळूचा पातळ थरही सुटून आला, आणि मागे बोटाला चिकटणारी पांढरी भुकटी. खिडकीच्या कोपऱ्यातून खाली तिरकी चीर गेलीय, गच्चीच्या स्लॅबखाली एक आडवी, अगदी सरळ चीर आहे. उत्तरेच्या भिंतीवर काळं शेवाळ. रस्त्याकडची पूर्वेची बाजू नुसती विटलीय, रंगाचे पोपडे निघतात पण खाली प्लास्टर ठणठणीत वाटतं. दक्षिणेला फार काही नाही.

दोन ठेकेदार येऊन गेले. एक म्हणतो, दोन हात पुट्टी आणि वर चांगल्या कंपनीचा रंग, पंधरा दिवसांत घर नवं. दुसरा म्हणतो सगळं प्लास्टर विटेपर्यंत छिलायचं. दोघांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. आप्पांचं (सासरे) म्हणणं, सँडफेसच हवं, गुळगुळीत भिंत त्यांना नको. मलाही तो वाळूचा दाणा आवडतो, सकाळचं ऊन तिरकं पडलं की भिंत फार देखणी दिसते.

विचारायचं हे की जुनं प्लास्टर ठेवून त्यावर नुसता नवा वरचा थर देता येतो का? कुणी केलंय?

देवळालीकर

ताई, दर विचारण्याआधी भिंत वाजवून घ्या. छोटी हातोडी किंवा नुसतं लाकडी मूठ असलेलं काहीही चालेल. फूट-फूट अंतरावर हलकेच ठोकत जायचं. घट्ट प्लास्टर टणक वाजतं, विटेपासून सुटलेलं असेल तर आवाज बसका येतो, लगेच कळतो. जिथे पोकळ तिथे खडूने गोल करा. हे दोन्ही ठेकेदारांनी केलं का? केलं नसेल तर दोघांनीही अंदाज सांगितलाय.

सातपूरवाला

पुट्टीच्या नादी लागू नका एवढंच सांगतो. आमच्याकडे बाहेरून पुट्टी मारून रंग दिला होता. पहिला पावसाळा छान गेला, दुसऱ्यात पश्चिमेकडून अक्षरशः पत्रे निघायला लागले. आता ती खरवडायची म्हणजे पुट्टीच्या दुप्पट मजुरी.

थापी_रंधा

मी बांधकामावर सुपरवायझर होतो, बरीच वर्षं नाशिक आणि आसपासच. थोडं सविस्तर लिहितो.

आधी ती पांढरी भुकटी. तो लोणा. विटेत, वाळूत, पाण्यात थोडे क्षार असतातच. भिंतीत पाणी शिरतं, क्षार विरघळतात, पाणी बाहेर येऊन सुकतं आणि क्षार तिथेच राहतात. तुमच्या भिंतीवर नुसता सिमेंट पेंट होता तोवर भिंत ओली व्हायची आणि सुकायची, क्षार वर येऊन पावसात धुऊन जायचे. अ‍ॅक्रिलिकचे थर चढल्यावर ते सुकणं मंदावलं. पाणी चिरेतून आणि खिडकीच्या पाटाखालून आत जातंच आहे, बाहेर पडायची वाट मात्र अरुंद झाली. क्षार रंगाच्या मागे स्फटिक धरतात, तिथे जागा मागतात आणि रंगासकट वाळूचा थर ढकलून देतात. तुम्ही नखाने उचललात तो हाच.

म्हणजे वरून काहीही लावा, पुट्टी, टेक्स्चर, नवं प्लास्टर, पाणी कुठून येतंय ते बंद केल्याशिवाय पश्चिमेची भिंत टिकणार नाही. नाशिकला पावसाचा झोडपा पश्चिम-नैऋत्येकडून असतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक बंगल्याची तीच बाजू आधी जाते. तुमच्याकडे आणखी बाथरूमही तिथेच. आत टाइल्सचे सांधे, नळाची जोडणी, फ्लोअर ट्रॅप (जमिनीतली पाणी जायची जाळी) आधी तपासून घ्या. पावसाळा संपून इतके दिवस झाल्यावरही तो भाग दमट लागत असेल तर पाणी आतलंच आहे असं धरा.

बाहेरून चार जागा बघा. गच्चीच्या कठड्याचा माथा: तिथे कोपिंग (माथ्यावरचा झाकणाचा थर) सपाट असेल किंवा तडकलं असेल तर पाणी थेट भिंतीच्या पोटात उतरतं. माथ्याला गच्चीकडे उतार हवा. गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यातला वाटा (सिमेंटची गोलाई) फुटलाय का. खिडकीचा बाहेरचा पाट बाहेरच्या बाजूला उतरता आहे का. आणि छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत पाणी तोडणारी खाच आहे का. ती खाच नसली किंवा रंगाने बुजली की पाणी छज्ज्याच्या पोटावरून रांगत भिंतीवर येतं. माझ्या पाहण्यात ओलीच्या निम्म्या तक्रारी या खाचेपाशी येऊन थांबतात, आणि ती करायला खर्च जवळपास नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. नवा वरचा थर जुन्या प्लास्टरवर बसतो, पण तीन अटींवर. जुनं प्लास्टर घट्ट हवं, कोरडं हवं, आणि त्यावर रंग नको. तिसरी अट लोक विसरतात. सिमेंटच्या मालाला धरायला खडबडीत, पाणी शोषणारी भिंत लागते. अ‍ॅक्रिलिकवर तो चिकटल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. एखाद-दोन उन्हाळे गेले की ताट सुटल्यासारखा सुटतो.

रानफूल

थापी_रंधा, फार उपयोगी प्रतिसाद. चिरांचं काय? आमच्याही स्लॅबखाली तशीच सरळ चीर आहे, दोनदा भरून झाली, परत येतेच.

थापी_रंधा

@रानफूल, ती येणारच. स्लॅब काँक्रीटचा, भिंत विटांची. एप्रिल-मेच्या दुपारी गच्ची तापून फुगते, जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा आक्रसते. वीट तेवढी हलत नाही. दोघांच्या सांध्यावर सलग प्लास्टर असलं की ते तिथे फाटतं. दोन उपाय. एक, सांध्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच येईल अशी चिकन मेश (बारीक तारेची जाळी) खिळ्यांनी ताणून बसवायची आणि मग प्लास्टर. दुसरा, सांध्यावर सरळ आडवी खाच ठेवून द्यायची, चीर झालीच तर खाचेच्या आत होते, दिसत नाही, आणि खाच लवचिक सीलंटने भरता येते. मी दोन्ही एकत्र करतो. शिवाय गच्चीवर पांढरा परावर्तक लेप दिला तर स्लॅब कमी तापतो, हेही मदतीचं.

अबोलीताईंची खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी चीर वेगळी. कोपऱ्यावर ताण येतो म्हणून बारीक चीर बऱ्याच घरांत असते. पण ती आतल्या बाजूलाही त्याच जागी दिसते का ते बघा. नाशिकमध्ये कित्येक ठिकाणी पायाखाली काळी माती आहे, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि घराला हलवते. चीर आरपार असेल, किंवा तीन मिलिमीटरहून रुंद असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, प्लास्टरचं नंतर. शंका असेल तर चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून तारीख लिहून ठेवतात. चीर वाढत असली तर काच तडकते.

पंचवटी_वाडा

आमचा जुना वाडा आहे, दगड-विटा, मातीचा आणि चुन्याचा गिलावा. काही वर्षांपूर्वी पुढच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर केलं गेलं, ते आता मोठमोठ्या तुकड्यांनी पडतंय आणि सोबत आतली माती घेऊन येतंय. तिथे वरचा थर कसला द्यावा?

थापी_रंधा

@पंचवटी_वाडा, सिमेंटला हात लावू नका, कळकळीने सांगतो. चुन्याची भिंत मऊ असते आणि ओल आत-बाहेर करत राहते. सिमेंटचा थर कडक आणि घट्ट, तो ओल कोंडतो आणि स्वतः आक्रसताना खालचा मऊ थर ओढून काढतो. सुटलेलं सिमेंट हाताने, छिन्नी हलकी चालवून काढा. ब्रेकर मशीन लावलं तर दगडांच्या सांध्यातली माती हलेल. मग एक पावसाळा नसलेला काळ भिंत उघडी राहू द्या, सुकू द्या. नंतर भिजवून मुरवलेल्या चुन्यात वाळू आणि विटांची सुरखी (भुकटी), पातळ-पातळ थरांत. गूळ-हिरड्याचं पाणी घालणारे जुने कारागीर अजून आहेत, मंदिरांच्या डागडुजीची कामं करणाऱ्यांकडे चौकशी करा. चुन्याला घाई चालत नाही, प्रत्येक थर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कडक होतो आणि तोवर त्याला ओलं ठेवावं लागतं. वरून रंगही चुन्याचाच.

एक नियम सगळीकडे लागू पडतो: वरचा थर खालच्यापेक्षा कडक नसावा. वाड्यालाही आणि बंगल्यालाही.

वाळवंटातली

मी मूळची नाशिकरोडची, आता अ‍ॅरिझोनात. इथली बहुतेक घरं बाहेरून स्टकोची, पण रचना निराळी. आत लाकडी सांगाडा, त्यावर पाणी अडवणारा कागद, त्यावर तारेची जाळी आणि जाळीवर सिमेंटचे तीन थर. पहिल्यावर ओल्यातच ओरखडे काढतात, दुसरा सपाट करतात, तिसरा जेमतेम तीन मिलिमीटरचा, रंग मिसळलेला. सगळं मिळून बावीस मिलिमीटरच्या आसपास. भिंतीच्या तळाशी एक छिद्रांची धातूची पट्टी असते, आत गेलेलं पाणी तिथून निथळतं.

लिहायचं कारण हे की इथेही स्टकोवर एकदा रंग मारला की नवा सिमेंटचा थर देण्याआधी तो सँडब्लास्ट करून काढतात किंवा जाळी मारून नव्याने सुरुवात करतात. आणि भिंत चांगली असेल, नुसती विटली असेल, तर रंगीत सिमेंटचं पातळ पाणी फवारतात, तेही फक्त रंग न दिलेल्या भिंतीवर. थापी_रंधा म्हणतात तेच.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारी मी आणि नवऱ्याने शिडी लावून भिंती वाजवल्या, आप्पा खालून खडूचे गोल मोजत होते. निकाल असा:

पश्चिमेला खिडकीखाली आणि स्लॅबच्या पट्ट्यालगत पोकळ, मध्ये-मध्ये घट्ट. म्हणजे निम्म्याहून जास्त गेलेली. पूर्व पूर्ण घट्ट, पण रंगाचे पोपडे सर्वत्र. उत्तर घट्ट, रंगही धरून आहे. दक्षिण उत्तम. छज्ज्याखाली खाच होती, रंगाने पूर्ण भरलीय! बाथरूममध्ये नळाच्या मागचा सांधा उघडा सापडला, प्लंबरला बोलावलंय. तिरकी चीर आतून दिसत नाही.

आता काय करू?

देवळालीकर

मग चार भिंतींना एकच औषध कशाला? उत्तर-दक्षिणेला प्लास्टरचं काम काढूच नका. प्रेशरच्या पाण्याने धुवा, शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून थोडा वेळ थांबून ब्रशने घासा, पुन्हा धुवा. सुकल्यावर प्राइमर आणि रंग.

थापी_रंधा

देवळालीकरांशी शंभर टक्के सहमत. सरसकट छिलायला सांगणाऱ्याने तुमच्या तीन चांगल्या भिंती फोडल्या असत्या.

पश्चिम: पूर्ण छिला, तुकडे ठेवू नका, निम्मी भिंत जुनी निम्मी नवी राहिली तर जोडावर चिरा येतात. विटांचे सांधे अर्धा इंच खरवडून घ्या, लोणा कोरड्या ब्रशने झाडा. आधी कोरडा झाडायचा, पाण्याने धुतला तर परत आत मुरतो. प्लंबरचं काम होऊन भिंत सुकेपर्यंत थांबा. मग दोन थर. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पद्धतीत सँडफेस असं आहे: खालचा थर १५ मिलिमीटर, १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), गोणीमागे एक किलो वॉटरप्रूफिंग पावडर, पृष्ठभाग खडबडीत ठेवायचा, निदान दोन दिवस पाणी. त्यावर ६ ते ८ मिलिमीटरचा वाळूचा थर, दाणे उठवून, आणि चौदा दिवस पाणी.

पूर्व: इथे तुमच्या मनातला नुसता वरचा थर जमेल. पण रंग काढायचं काम आधी, आणि तेच खरं काम. सँडफेसच्या खळग्यांत रंग बसलेला असतो, तो घासून सगळा निघत नाही. पोपडे खरवडून, प्रेशरने धुऊन, उरलेल्यावर टाचे (छिन्नीचे बारीक घाव) मारायचे, जवळजवळ, दाणा फुटून आतलं करडं प्लास्टर दिसेपर्यंत. नंतर भिंत भिजवून, पाणी जिरल्यावर एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारं रबरी द्रव) आणि सिमेंटची स्लरी (पातळ लापशी) ब्रशने. ती चिकट असतानाच माल चढला पाहिजे. स्लरी वाळली तर ती बंधाऐवजी अडसर होते, म्हणून गवंड्याच्या पुढे तीन-चार फुटांपेक्षा जास्त लावू देऊ नका.

माल: जुन्या भिंतीवर मी नुसता सिमेंट-वाळू देत नाही, एक भाग सिमेंट, एक भाग पिशवीतला भुकटी चुना, सहा भाग वाळू. चुन्याने माल लोण्यासारखा पसरतो, कमी आक्रसतो.

सातपूरवाला

१:६ म्हणजे कमजोर नाही का होणार? आमचा मिस्त्री म्हणतो बाहेर १:३ शिवाय करूच नये.

थापी_रंधा

सिमेंट जास्त म्हणजे आक्रसणं जास्त, म्हणजे भिंतभर केसासारख्या चिरांचं जाळं. आणि पाणी त्या चिरांतूनच शिरतं. वर सांगितलेला नियम इथेही: पस्तीस वर्षांच्या प्लास्टरवर त्याच्याहून कडक थर देऊ नये. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) घ्या, प्लास्टरला ५३ ग्रेडची (जास्त ताकदीच्या सिमेंटची) गरज नाही. गरजेपुरतं पाणी टाकून कालवलेला माल अर्ध्या तासात संपवायचा, घट्ट झाला म्हणून वरून पाणी घालून पुन्हा कालवायचा नाही.

अंदाजासाठी: शंभर चौरस फुटाला सहा मिलिमीटरचा थर म्हणजे सुमारे दोन घनफूट ओला माल, त्याला सुकं सामान अडीच-पावणेतीन घनफूट. १:४ असेल तर अर्धी गोणी सिमेंट. गोणीत सव्वा घनफूट सिमेंट बसतं, त्यावरून ठेकेदाराचा हिशोब तुम्हीच ताडून बघा.

अबोली

वाळू कोणती? एक म्हणाला क्रश सँडच (दगड फोडून केलेली वाळू) मिळते आता.

देवळालीकर

खालच्या थराला प्लास्टरसाठीची धुतलेली क्रश सँड चालते, आमच्याकडे तीच वापरली. वरच्या सँडफेसला मात्र नदीची वाळू मिळवा, गिरणेची किंवा तापीची. क्रश सँड बेसॉल्टची, दाणा टोकदार आणि धूळ जास्त, रंध्याखाली (प्लास्टर घासायच्या लाकडी फळीखाली) तो गोल दाणा उठत नाही. चाळणी स्वतः उभं राहून करून घ्या. मातीचा अंश बघायला काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या, वर मातीचा जाड थर बसला तर ती गाडी परत.

थापी_रंधा

वाळूबद्दल बरोबर. आता दाणा उठवण्याबद्दल, कारण सँडफेस इथेच जमतं किंवा बिघडतं. माल लावून पट्टीने सारखा केला की थांबायचं. बोट टेकवलं तर ठसा उमटेल पण बोटाला माल लागणार नाही, तेव्हा लाकडी रंधा गोल फिरवायचा आणि मग ओलसर, घट्ट पिळलेला स्पंज. घाई केली तर सिमेंटची साय वर येते आणि दाणा बुडतो. उशीर केला तर दाणे सुटून खाली पडतात. भिंत लवकर सुकावी म्हणून गवंडी कोरडं सिमेंट भुरभुरवतात, ते अजिबात करू देऊ नका, नंतर तिथेच चिरांची जाळी उमटते.

एक बाजू एका दिवसात संपली पाहिजे. दुसऱ्या दिवशीचा जोड सँडफेसमध्ये कितीही रंग दिला तरी दिसतो. तेवढे गवंडी नसतील तर जोड खिडकीच्या पट्ट्यावर किंवा पाइपमागे घ्या. पूर्वेची भिंत दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी, म्हणजे दोन्हीकडे सावलीत काम होतं.

आणि सहा मिलिमीटर म्हणजे थोडं वाटतं, पण खिडकीच्या चौकटी, पाइपचे क्लँप, दिव्यांचे बॉक्स यांच्याशी आधी मेळ बसवा. छज्ज्याखालची खाच या वेळी परत बुजेल, तिथे माल ओला असताना पट्टी दाबून नव्याने काढायला लावा.

रानफूल

काम कधी काढणार? मला विचाराल तर दिवाळीनंतर लगेच. ऊन मवाळ असतं, प्लास्टर सावकाश सुकतं. मार्चनंतर दुपारच्या वाऱ्याने पाणी टिकत नाही. फक्त मजूर दिवाळीला गावी जातात ते परतल्याची खात्री करा, आणि सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे चांगले गवंडी सहज मिळत नाहीत, आत्ताच बोलून ठेवा.

थापी_रंधा

अनुमोदन. थंडीत सिमेंट हळू पकडतं, त्यामुळे पाणी मारणं लवकर थांबवू नका. भिंतीवर जोराचा पाइप नको, बारीक फवारा, दिवसातून तीन-चार वेळा.

अबोली

नक्की केलं. उत्तर-दक्षिण फक्त धुऊन रंग. पश्चिम विटेपर्यंत. पूर्व टाचे मारून वरचा थर. ठेकेदाराकडून हे भिंतीनिहाय लिहून घेतलंय, आणि पूर्वेच्या गॅरेजमागच्या कोपऱ्यात चार फूट बाय चार फूट नमुना करायला लावलाय, एक नदीच्या वाळूचा, एक क्रश सँडचा. आप्पांनी दोन्हींवरून हात फिरवून नदीच्या वाळूवर बोट ठेवलं. आता शेवटचा प्रश्न रंगाचा. चारी भिंती एकसारख्या दिसायला हव्यात, पण नव्या दोन भिंतींना परत अ‍ॅक्रिलिक नको वाटतंय.

थापी_रंधा

नव्या भिंतींना सिमेंट पेंट देता येईल. प्लास्टरला पाणी मारून झालं की भिंत ओलसर करून द्यायचा आणि त्यालाही पाणी मारायचं. तो भिंतीला सुकू देतो, पण विटतो लवकर. उत्तर-दक्षिणेच्या अ‍ॅक्रिलिकवर मात्र तो धरणार नाही. त्यामुळे दोन प्रकारचे रंग आले, आणि एकाच छटेचे दोन रंग उन्हात वेगवेगळे दिसतात.

एकसारखं हवंच असेल तर चारी भिंतींना बाहेरचा अ‍ॅक्रिलिक, पण साधा मॅट, बाष्प जाऊ देणारा. रबरासारखा ताणणारा जाड इलॅस्टोमेरिक नको. नव्या प्लास्टरवर अठ्ठावीस दिवस थांबून, क्षार सोसणारा प्राइमर देऊनच. पाणी आत येण्याच्या वाटा तुम्ही बंद केल्या आहेत, त्यामुळे या वेळी भिंतीला कोंडायला पाणीच कमी असेल. मी असतो तर कोपऱ्यावर जोड धरून पूर्व-पश्चिमेला सिमेंट पेंटची पिवळसर छटा आणि उरलेल्या दोन भिंतींना मुद्दाम वेगळी, थोडी गडद छटा दिली असती.

अबोली

दोन छटांची कल्पना आप्पांना सांगितली, त्यांना पसंत आहे. पिवळसर आणि गडद बदामी. दोन्हींचे नमुने त्याच चार फुटांच्या तुकड्याशेजारी मारून घेते आणि दिवाळीनंतर परांची लागली की फोटो टाकते.